पाय चालतात, पण वाट सापडत नाही (लेखांक ६)

ब्रिटनमधल्या ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ या अपंगत्व भत्त्याच्या दैनंदिन जगण्याच्या भागाबद्दल मागच्या लेखांकात वाचलंत. आज त्याचा दुसरा भाग, हिंडण्याफिरण्याचा. २०१३ पासून लागू झालेल्या या भत्त्यात त्यासाठी दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. माणूस किती अंतर चालू शकतो ही एक, आणि प्रवास आखून तो नीट पार पाडू शकतो का ही दुसरी. पहिली सर्वांना ठाऊक असते, दुसरीकडे खुद्द अर्जदाराचंच लक्ष जात नाही. डोक्याला मार बसून स्मरणशक्ती अधू झालेला किंवा ऐन पन्नाशीत स्मृतिभ्रंश जडलेला माणूस हातीपायी धड असतो, म्हणून ‘चालता येतं ना?’ या प्रश्नापाशीच घरचे थबकतात आणि फॉर्मचं ते पान कोरं राहतं. कायद्याने मात्र त्यांची बाजू धरलेली आहे. प्रवासाचा मार्ग आखताच येत नसेल तर ८ गुण, अनोळखी रस्त्याने सोबतीशिवाय जाता येत नसेल तर १०, आणि रोजच्या पायाखालच्या रस्त्यालाही सोबत लागत असेल तर १२. साध्या दराला ८ गुण पुरतात, वाढीव दराला १२ लागतात. म्हणजे धडधाकट पायांच्या माणसालाही पूर्ण दर मिळू शकतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा दाखवणारा फोन आहे, मग सोबत कशाला? नियमांत दिशादर्शक साधनाची व्याख्याच ‘अपंगांसाठी खास बनवलेलं साधन’ अशी आहे, साधा फोन तीत बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फोन वाट सांगतो, निर्णय घेत नाही. रस्ता खोदलाय म्हणून बस नेहमीच्या थांब्याऐवजी पुढच्या चौकात थांबते. तुम्ही-आम्ही दोन पावलं पुढे जातो. स्मृती अधू झालेला माणूस जुन्याच थांब्यावर उभा राहतो, नाहीतर भांबावून समोर येईल त्या बसमध्ये चढतो. असे किरकोळ बदल प्रवासात नेहमीचेच असल्याने ते झाले तर अर्जदार निभावून नेईल का, हे पाहावं असं सरकारी मार्गदर्शिकाच तपासनिसांना सांगते. शिवाय नुसतं ‘करता येतं’ एवढ्यावर भागत नाही. ते सुरक्षितपणे, समाधानकारकरीत्या, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत करता आलं पाहिजे. सुरक्षिततेबद्दल वरिष्ठ न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये मोलाचा निर्वाळा दिला: अपघात निम्म्याहून अधिक दिवस घडायलाच हवा असं नाही, धोका किती खरा आणि किती गंभीर आहे हे बघायचं. वाहत्या रस्त्यात भान हरपणाऱ्याच्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अतीव मानसिक ताणामुळे सोबत लागणाऱ्यांनाही वरचे गुण मिळू शकतात असं न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ठरवलं, तेव्हा काही वर्षांत ३.७ अब्ज पौंडांचा बोजा पडेल असं सांगून सरकारने मार्च २०१७ मध्ये नियमच बदलले आणि मानसिक ताणाचं कारण त्या गुणांतून वगळलं. बौद्धिक अडचण असेल तर गुण, ताण असेल तर नाहीत, अशी ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. वाट चुकेल ही धास्ती आणि धास्तीपोटी वाट चुकणं एकाच डोक्यात घडतं. त्यातलं किती कशामुळे, हे कुठला तपासनीस मोजणार? डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल भेदभावकारक ठरवून रद्द केला. सरकारने अपील केलं नाही आणि सुमारे १६ लाख प्रकरणं फेरतपासणीला घेतली. पैसा मर्यादित आहे हे मान्य. पण काटकसर करायची तर ती गरजेच्या मापाने व्हावी, आजाराच्या नावाने नव्हे.

राहिला खोटेपणाचा संशय. त्याला उत्तर पुराव्याचंच, आणि इथेच बहुतेक अर्ज लंगडे पडतात. ‘विसरायला होतं’ असं मोघम लिहून काही साधत नाही. कुठे जाताना, कोणत्या वळणावर, काय झालं, कोणी परत आणलं, आणि असं निम्म्याहून अधिक दिवस होतं का, हे लिहा. सोबत जाणाऱ्याचं पत्र जोडा. एकटं बाहेर पडणंच बंद केलं असेल तर तेही कारणासह नोंदवा, नाहीतर काही घडलंच नाही असा अर्थ काढला जातो.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई असेल तर हा अर्ज करू नये. आणि निवृत्तिवेतनाचं वय उलटल्यावर नव्याने अर्ज करणाऱ्याला ‘अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो, ज्यात हिंडण्याफिरण्याचा भागच नाही. म्हणून लक्षणं आधी दिसू लागली असतील तर वाट पाहू नका. अर्ज फेटाळला गेल्यास फेरविचाराची मागणी निर्णयापासून एका महिन्यात करायची असते, आणि तिथेही नकार आला तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं.