सेवा सामायिक, तिजोरी स्वतंत्र

लॉस एंजेलिसनजीकच्या लेकवुड वसाहतीने १९५४ साली स्वतंत्र नगराचा दर्जा मिळविला, तो शेजारच्या लाँग बीचमध्ये विलीन होणे टाळण्यासाठी. मात्र स्वतःचे पोलीसदल तिने उभारलेच नाही. काउंटी, म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखे प्रशासन, तिच्याशी करार करून ही सेवा मोल देऊन घेतली. पुढे अनेक नगरांनी हाच मार्ग धरला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ही योजना भुरळ घालते. मोठ्या प्रमाणावरील कामामुळे होणारी बचत काउंटी साधते. गस्त किती हवी, हे नगर ठरविते. सेवेची तरतूद आणि तिची निर्मिती या भिन्न गोष्टी होत, हे व्हिन्सेंट ऑस्ट्रम, चार्ल्स टीबू व रॉबर्ट वॉरन यांनी १९६१ मध्ये मांडले, तेव्हा लेकवुडचे उदाहरण त्यांच्यापुढे होतेच.

परंतु सेवा सामायिक झाली म्हणून महसूल सामायिक होतो काय? १९५७ मध्ये त्याच काउंटीत 'सिटी ऑफ इंडस्ट्री' स्थापन झाली. रहिवासी मूठभर, कारखाने मात्र भरपूर! उद्योगांपासून मिळणारा नगराचा महसूल हद्दीतच राहतो. कामगार बहुतांशी हद्दीबाहेर राहतात. पोलीस काउंटीचेच आहेत, हे त्या कामगारांचे समाधान कसे ठरावे? करारपद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी या प्रश्नाला बगल दिली, असे मला वाटते.

मिनेसोटा राज्याने तो टाळला नाही. तेथील १९७१ च्या कायद्यान्वये मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातील सात काउंट्यांत व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर झालेल्या वाढीचा ४० टक्के भाग एकत्र केला जातो, आणि ज्या गावांची करक्षमता कमी, त्यांना त्यातून अधिक वाटा मिळतो.