काच धूसर: आतून की बाहेरून?

भाजे मागे पडून गायमुख खिंडीची चढण लागली, की लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडीची काच धूसर होणं जवळपास ठरलेलं.

कारण: गार हवेत बाष्प कमी मावतं. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम, १० अंशांना जेमतेम ९. जादा बाष्प गार काचेवर बारीक थेंब होऊन बसतं.

आतून धूसर (थंडी, पाऊस): बाष्प आपल्याच श्वासाचं, ओल्या रेनकोटचं, चिखलानं भरलेल्या बुटांचं. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करावं, झोत समोरच्या काचेवर सोडावा. हीटरसोबत एसीही लावावा; एसी हवा कोरडी करतो. थंडीत तो बंद ठेवण्याची सवय नेमकी इथे नडते.

बाहेरून धूसर (पावसाळा): एसीने काच गार, बाहेर दमट हवा. वायपर फिरवावा, एसीचं तापमान वाढवावं, झोत काचेवरून हटवावा.

मागची काच: तिच्यावरच्या आडव्या रेघा म्हणजे डिफॉगरच्या तारा. फडकं रेघांच्या दिशेनेच फिरवावं.

गडाखाली मुक्काम असेल, तर ओले कपडे, छत्र्या आणि पायाखालचे मॅट रात्री गाडीबाहेर काढून ठेवावेत.