वाद्यांना मज्जाव, वाद्यांना मान

चर्च म्हटले की ऑर्गनचा घनगंभीर नाद आठवतो. पण हे वाद्य मुळात चर्चचे नव्हेच. ते बायझंटाइन दरबारातले. इ. स. ७५७ मध्ये सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइनने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन नजराणा म्हणून धाडला आणि पुढील शतकांत पश्चिमेकडील उपासनेत तो रुळला. गंमत अशी, की जिथून तो आला तिथल्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही बहुतांशी नुसत्या कंठानेच उपासना चालते. आरंभीच्या धर्माचार्यांना वाद्यांत नाटकशाळेचा आणि मूर्तिपूजकांच्या उत्सवांचा वास येई, तो संशय तिथे टिकला.

पश्चिमेत तो सोळाव्या शतकात उसळला. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा, तरी त्याच्याच चर्चमधला ऑर्गन १५२७ मध्ये मोडला गेला. गाणेही थांबले, ते १५९८ मध्ये परतले. मला वाटते, संगीताची मोहिनी ठाऊक असलेल्यालाच तिची अशी भीती वाटावी. ल्यूथरने मात्र धर्मशास्त्राखालोखाल मान संगीताला दिला. कॅल्विनच्या जिनीव्हात मधला मार्ग निघाला: स्तोत्रे सर्वांनी गायची, पण वाद्यांविना. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर गेलिक स्तोत्रे अजून तशीच गातात. एकजण ओळ सांगतो आणि मंडळी ती आपापल्या हरकतींनी उचलतात. भजनातला म्होरक्या आणि टाळकरी आठवावेत, असे ते गाणे.

इथिओपियात नेमके उलट. तिथे ढोल, खुळखुळ्यासारखे धातूचे वाद्य आणि हातातल्या काठ्या यांच्या ठेक्यावर धर्मगायक नाचतातही. बायबलच्या १५०व्या स्तोत्रात वाद्यांची यादीच आहे. पण नव्या करारातील उपासनेत वाद्ये दिसत नाहीत, असे विरोधक म्हणत. पोथी एकच.

मराठी ख्रिस्ती मंडळींपुढे प्रश्न वेगळा होता. मिशनऱ्यांच्या विलायती चालींत मराठी शब्द अवघडून बसत. दीर्घ अक्षर ऱ्हस्व होई, आघात भलतीकडे पडे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची गीते रचली, ख्रिस्ती कीर्तने केली. त्यांच्यासोबत आपले वाटणारे सूर उपासनेत आले. त्या सुरांना साथ पेटीची. आणि पेटी तर पॅरिसची, दबँने १८४२ मध्ये पेटंट घेतलेली. आकाशवाणीने १९४० मध्ये परकी ठरवून तिच्यावर बंदी घातली, तेव्हा मराठी चर्चमध्ये देशी वाद्य म्हणून तिचाच मान होता.