पुणे ते नागपूर : अंतर किती, वेळ किती ?

नाणेघाटातून कल्याणकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग आपल्या जुन्नरचाच. लेण्याद्री आणि मानमोडीची लेणी पाहिली, की दूरदूरचे लोक प्रवासाचे कष्ट सोसून येथवर येत असत हे ध्यानी येते. आज आपल्या जुन्नर-आंबेगावच्या धम्मबांधवांची वाट मात्र नागपूरकडे जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी एकदा तरी डोळ्यांनी पाहावी, असे आपल्या घरातील वृद्ध मंडळींना वाटते. रेल्वेची गर्दी व जागरण त्यांना सोसत नाही. म्हणून विमानाचा हिशेब समजून घेऊ.

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ (हे नाव २००५ मध्ये मिळाले) यांच्या अक्षांशांत सुमारे २.५ अंशांचा व रेखांशांत सुमारे ५.१ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे उत्तरेकडे २७८ आणि पूर्वेकडे ५३६ किलोमीटर. विद्यार्थ्यांनी येथे पायथागोरसचा सिद्धान्त लावून पाहावा. उत्तर सुमारे ६०५ किलोमीटर येईल. रस्त्याने हेच अंतर ७०० किलोमीटरच्या वर जाते. दौंड-मनमाड-भुसावळमार्गे रेल्वेने ते ८८० ते ८९० किलोमीटर भरते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर पाऊण तासात संपावे. मग वेळापत्रकात साधारण सव्वा ते दीड तास का असतो ? विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, वर चढताना व उतरताना वेग कमी असतो, आणि ठरलेल्या हवाई मार्गानेच जावे लागते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात वाहतात. त्यामुळे जाताना मदत होते, परतताना काही मिनिटे जास्त लागतात.

परंतु आपला प्रवास लोहगावला सुरू होत नाही. मंचरहून विमानतळापर्यंत चाकणची वाहतूक धरून अडीच तास, तेथे दोन तास आधी हजर राहणे, विमानाचा दीड तास, सामान घेऊन दीक्षाभूमीपर्यंत एक तास : एकूण सात तास. जुन्नरहून आणखी तासभर. रेल्वेला केवळ पुणे ते नागपूरच १२ ते १६ तास लागतात.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास विमानाचे भाडे वाढते. वृद्धांना त्याच दिवशी गर्दीत नेण्यापेक्षा इतर दिवशी, आगाऊ तिकीट काढून न्यावे, असे आम्हांस वाटते. चाकाची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगावे. प्रत्येक घराने एका लग्नातील मानपानाचा खर्च वाचविला, तरी एका आजीची दीक्षाभूमी घडेल. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. आपली वृद्ध मंडळी वाट पाहत आहेत.

जयभीम !