सिल्लोडवरून जाणारा वर्ग

छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याला लागलं की हर्सूल, फुलंब्री आणि मग साठ-पासष्ट किलोमीटरवर सिल्लोड. पुढे गोळेगाव, अजिंठा गाव, घाट, आणि घाटाखाली फर्दापूर. लेण्यांकडे जाणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या वाट्याला सिल्लोड येतं ते एक कप चहा आणि पाण्याच्या बाटलीपुरतं. पावसाळ्यात आलाच, तर हिरव्या मिरचीच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेल्या गाड्या त्याला दिसतात आणि खिडकी उघडी असेल तर ठसकाही लागतो. ही मिरची कुठे चालली, तिचा भाव कोणी ठरवला, हे विचारायला त्याच्याजवळ वेळ नसतो. गाडी चालू होते.

या वाटसरूंमध्ये गेली कित्येक दशकं एक वेगळी जात होती, ती म्हणजे विद्यार्थ्यांची. परदेशी विद्यापीठातून शिकायला आलेली, पाठीवर सॅक, हातात वही आणि टॉर्च. सहलीची मंडळी दोन तासांत सव्वीस लेणी उरकून संध्याकाळी परत फिरतात. ही मंडळी फर्दापूरला मुक्काम ठोकत आणि रोज सकाळी त्याच लेण्यांत पुन्हा जात. त्यांना तिथे घेऊन येणारा माणूस होता वॉल्टर स्पिंक, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला कलेतिहासाचा प्राध्यापक.

स्पिंक पहिल्यांदा अजिंठ्याला आले ते 1950च्या दशकात. हार्वर्डमधून पीएच.डी. करून काही वर्षं ब्रँडाइसला शिकवल्यावर 1961 मध्ये ते मिशिगनला गेले आणि 2000 साली निवृत्त झाले. अजिंठा मात्र सुटला नाही. ‘अजंता : हिस्टरी अँड डेव्हलपमेंट’ या त्यांच्या ग्रंथाचे सात खंड नेदरलँड्सच्या ब्रिल प्रकाशनाने 2005 ते 2017 या काळात काढले. शेवटचा खंड आला तेव्हा ते एकोणनव्वद वर्षांचे होते, आणि त्या खंडाचा मोठा भाग कशावर आहे? भिक्षूंच्या खोल्यांवर आणि त्या खोल्यांच्या दारांवर. 23 नोव्हेंबर 2019 रोजी ते गेले.

त्यांचा वर्ग लेण्यांतच भरे. खुर्च्या नाहीत, फळा नाही. विषय एकच: समोरच्या दगडाने आपल्याबद्दल काय सांगून ठेवलं आहे ते बघा. अजिंठा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्या लेण्यातला पद्मपाणी येतो. स्पिंक विद्यार्थ्यांना त्याच्यासमोरून हलवून बाजूच्या अंधाऱ्या खोलीत नेत आणि दाराच्या चौकटीपाशी उभं करत.

आता ती चौकट जरा जवळून बघू. भिक्षूच्या खोलीला लाकडी दार असे. लाकूड केव्हाच गेलं, पण दार ज्यावर फिरायचं त्या खुंट्याची भोकं दगडात राहिली. सुरुवातीच्या खोल्यांत दार बसवण्याची धड सोयच नाही, नुसती सरळ कोरलेली चौकट. दार कुठे आणि कसं अडकवायचं, हा प्रश्न जणू नंतर उद्भवला. मग कारागीर सुधारत गेले. शेवटी शेवटी तर चौकटीच्या मागच्या बाजूला दगडाचाच एक तुकडा मुद्दाम पुढे राखून त्यात खुंट्याचं भोक पाडायची पद्धत बसली. एखाद्या लेण्यात कुठली पद्धत वापरली आहे यावरून ते काम आधीचं की नंतरचं, हे ठरवता येतं. दुसरी गोष्ट आणखी मजेची. दार वर्षानुवर्षं उघड-मीट झालं असेल तर भोकाची कड झिजून गुळगुळीत होते. काही भोकं अशी झिजलेली आहेत, काही अगदी कोरी. कोऱ्या भोकाचा अर्थ एवढाच की दार एक तर बसलंच नाही, किंवा बसलं आणि आत कोणी राहायला आलं नाही.

असाच दुसरा साक्षीदार म्हणजे काजळी. बुद्धमूर्तीपुढे दिवे लागले असतील तर छतावर धूर बसतो, हारांसाठी आकडे ठोकलेले असतात. पहिल्या लेण्यातली मूर्ती भव्य आहे, पण स्पिंक यांच्या मते तिच्यापुढे पूजेच्या या खुणा नाहीत. म्हणजे तिची पूजा कधी सुरूच झाली नाही. अजिंठ्यातलं सगळ्यांत देखणं लेणं, आणि ते वापरात आलंच नाही! का, या प्रश्नातून त्यांनी आपला सगळा सिद्धांत उभा केला.

सिद्धांत थोडक्यात असा. नऊ, दहा अशी मोजकी लेणी सातवाहनकाळातली, जुनी. बाकीची सगळी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेण याच्या राजवटीत, साधारण 460 ते 480 या अवघ्या वीस वर्षांत कोरली गेली. सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिलं, हे तिथला शिलालेखच सांगतो. सव्वीसावं अश्मक देशाच्या मंत्र्याच्या स्मरणार्थ बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. पहिलं खुद्द हरिषेणाचं, असं स्पिंक म्हणतात. त्याला शिलालेखाचा आधार नाही. अश्मकांशी बिनसलं तसं काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. 477च्या सुमारास हरिषेण अचानक गेला. मग एकच धांदल. ज्याने त्याने आपल्या लेण्यातली मूर्ती तरी पुरी करून पुण्य पदरात पाडून घ्यायची धडपड केली. पैसेवाले पांगल्यावर मागे राहिलेल्या भिक्षूंनी आणि कारागिरांनी मोकळ्या भिंती दिसतील तिथे आपापले लहान-मोठे बुद्ध कोरले, आणि दोन-तीन वर्षांत सगळं शांत झालं. या आगंतुक मूर्तींवर स्पिंक यांनी एक अख्खा खंड लिहिला आहे.

हे सगळ्यांना पटलं असं मुळीच नाही. पूर्वी अजिंठ्याचं काम सातव्या शतकापर्यंत चालल्याचं मानत. कार्ल खंडालावाला, शीला वाइनर यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्पिंक यांच्याशी कडाडून वाद घातला. वर्ष-वर्ष करून दगडाचा हिशेब मांडणं हे अनेकांना जास्तच धाडसाचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं. पण हरिषेणाचा काळ ही मूळ चौकट आता बहुतेक अभ्यासक धरूनच चालतात. वाद काहीही असो, वादातली दोन्ही बाजूंची माणसं भोकं मोजायला खाली बसतात. एवढी सवय या प्राध्यापकाने लावली.

या घळीत भरलेला हा पहिला वर्ग नव्हे. पारो आणि मेजर गिल यांची प्रेमकथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी त्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, पुढे सिनेमाही निघाला. रॉबर्ट गिल 1844 मध्ये चित्रांच्या नकला करायला आला, अजिंठा गावात राहिला, आणि त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिल एकटा होता. विद्यार्थ्यांचा ताफा आणला तो जॉन ग्रिफिथ्सने. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतल्या या शिक्षकाने 1872 पासून पुढे बारा-तेरा वर्षं हिवाळ्यात आपली मुलं अजिंठ्याला आणली. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे ते व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. वटवाघळांची घाण आणि अंधार यांत ही पोरं कॅनव्हास लावून बसत. त्यांच्याही कामाचा मोठा भाग 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत गेला. एकाच जागेच्या नकला दोनदा, दोन्ही वेळा लंडनमध्ये जळाव्यात, याला काय म्हणावं! मूळ चित्रं मात्र डोंगरात शाबूत. अगदी शाबूतही नव्हेत म्हणा. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून या मंडळींनी भिंतींवर व्हार्निश चोपडलं, आणि ते पुढे काळवंडलं. शिकायला येणारा माणूस जागेला काही न करता जातो, असं नाही.

1909 आणि 1910च्या हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती आली. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण आले, आणि निजामाच्या हैदराबादेतून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन काझी. तेव्हा हा मुलूख निजामाचा. मुक्काम फर्दापूरच्या बाजूला, तंबूत. नंदलालांच्या पुढच्या कामात अजिंठ्याची रेषा दिसते, असं कलेचे अभ्यासक सांगतात. सय्यद अहमद तर पुढे याच लेण्यांचे क्युरेटर झाले.

चित्रकारांचे हे वर्ग हिवाळ्यात का भरले, हे सिल्लोडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मे महिन्यात लेण्यांखालच्या वाघोरा नदीचं पात्र कोरडं ठणठणीत असतं आणि नालाकृती कड्याचा दगड दिवसभर तापतो. अमेरिकी विद्यापीठांचं उन्हाळी सत्र मात्र मे अखेर ते ऑगस्ट. म्हणजे त्यांचा उन्हाळा हा आपला पावसाळा. सुट्टीत भारतात शिकायला येणाऱ्या मुलांचा मोठा मुक्काम म्हणून पुण्यात पडतो. 1961 मध्ये नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था निघाली, तिचा पहिला संसार डेक्कन कॉलेजात. तिचे मराठीचे वर्ग पुण्यात चालतात. उन्हाळी सत्र साधारण दोन महिन्यांचं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या महाविद्यालयांच्या संघानेही 1969 पासून विद्यार्थी पुण्यात आणायला सुरुवात केली. ही मुलं मराठी कुटुंबांत राहत. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट या संघातल्याच कार्लटन महाविद्यालयात शिकवत. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकरांसोबत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं आणि कोश तयार केला.

या दोन शाळांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या शाळेत आलेलं पोर यजमानीणबाईंना काकू म्हणायला शिकतं, पोहे कसे झाले ते मराठीत सांगतं, रिक्षावाल्याशी हुज्जत घालतं. अजिंठ्याच्या शाळेत येणारं पोर पंधराशे वर्षांपूर्वीच्या सुताराचं दार ओळखतं, पण चहावाल्याला साखर कमी म्हणायला त्याला दुभाषा लागतो. स्पिंक यांच्या वर्गात भारतीय अभ्यासकही असत, हे खरं. तरी सिल्लोड हे त्या शाळेच्या वाटेवरचंच गाव राहिलं, वर्गातलं झालं नाही.

आणि यात दोष पाहुण्यांना देऊन भागणार नाही. आपल्या शाळांची सहल आठवा. पहाटे चारला एसटी, मागच्या सीटवर अंताक्षरी, फाट्यावरून हिरव्या बसने लेण्यांपर्यंत. मग रांग करून एक नंबर, दोन नंबर, सर शिट्टी वाजवतात, ‘पुढे चला, पुढे चला’. सव्वीसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या बुद्धापर्यंत पोचेतो मुलांचं लक्ष डब्यात गेलेलं असतं. तालुक्यातल्या मुलांच्या दारात ही शाळा भरते, तरी परीक्षेच्या पेपरात ‘अजिंठा लेणी कोणत्या जिल्ह्यात आहेत?’ एवढाच एक गुण तिच्यासाठी राखलेला.

मी शिक्षक असतो तर उलट्या टोकाने सुरुवात केली असती. चोवीसाव्या लेण्यापासून. ते पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सगळ्यांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. पुढच्या भागात नक्षी लागलेली, आत मात्र खांब म्हणजे ओबडधोबड ठोकळे. छत आधी, मग खाली खाली, पुढून मागे, हे लेणं खोदण्याचं सगळं गणित तिथे उघडं पडलेलं आहे. सातवीच्या मुलालाही बोट ठेवून दाखवता येतं. मग दहाव्या लेण्यात खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला कोरलेलं नाव दाखवावं. ते आज माणसाच्या डोक्याच्या वर आहे. त्या दिवशी तो कशावर उभा होता, हे मुलांना ओळखू द्यावं: लेण्यात तेव्हा तेवढा राडारोडा साचलेला होता. टॉर्च चित्रांवर मारायचा नाही, हे आधी बजावायचं. खोल्यांच्या चौकटींवर मारायला हरकत नाही.

आणि ज्यांना एक दिवस जास्त काढता येईल त्यांनी फर्दापूरला उतरूच नये. गोळेगावहून उंडणगाव, अंभई करत जंजाळ्याला जावं. किल्ल्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत घटोत्कच लेणं आहे, अजिंठ्यातल्या त्याच वाकाटककाळातलं. तिथल्या शिलालेखात वराहदेवाच्या घराण्याची वंशावळ आहे. सोळाव्या लेण्याचा दाता तो हाच. चढ-उतार आहे, पाणी बरोबर न्यावं लागतं, हिरवी बस नाही. खोल्यांची दारं मात्र तिथेही आहेत, आणि भोकं मोजायला कोणी शिट्टी वाजवून पुढे हाकलत नाही.