नारिंगी गाजराची गंमत: तीन जनुकं बंद, रंग सुरू!

रानटी गाजराचं मूळ पांढरं, बारीक आणि चिवट असतं. मग नारिंगी रंग आला कुठून? वाटतं, एखादं नवं जनुक मिळालं असेल. झालंय उलटंच!

2016 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या फिलिप सायमन यांच्या गटाने गाजराचा जीनोम वाचला: गुणसूत्रांच्या 9 जोड्या, सुमारे 32 हजार जनुकं. पुढे 2023 मध्ये सहाशेहून जास्त गाजरं तपासल्यावर कळलं, की रंगामागे तीन मुख्य जनुकं आहेत आणि नारिंगीसाठी ती अप्रभावी रूपातच लागतात. म्हणजे ब्रेक काढला की कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य मुळामध्ये साठत जातं. म्हणून तर नारिंगीचा पांढऱ्या रानटी गाजराशी संकर झाला, की पहिली पिढी फिकट निघते. युरोप-अमेरिकेतल्या बियाणेवाल्यांना रानगाजराच्या परागाची धास्ती असते ती यामुळेच.

आपल्याकडच्या हिवाळी लाल गाजराची लाली मात्र लायकोपीनची, टोमॅटोतलंच ते. त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. ते काम बीटा-कॅरोटीनचं, आणि लाल गाजरात तेही असतं. दिल्लीच्या पुसा संस्थेचं ‘पुसा रुधिरा’ असं लालभडक, तर ‘पुसा असिता’ चक्क काळं, त्याचं रंगद्रव्य जांभळातल्या रंगद्रव्याच्या जातीतलं.

आणि हो, बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं. नुसतं कच्चं गाजर चावण्यापेक्षा शिजवून, वर थोडं तेल-तूप पडलं तर ते अंगी जास्त लागतं. कोशिंबिरीवरची फोडणी उगाच नाही! (हलव्यातल्या साखरेचं विचारू नका.)