पेटीचा क्लास आणि मुलांचे वाचन

जून महिना लागला, शाळा सुरू झाल्या, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलाच्या सर्दीसाठी किंवा कानदुखीसाठी आलेली आई औषधाच्या चिठ्ठीची घडी घालता घालता विचारते, "डॉक्टर, याला पेटीच्या क्लासला घालू का? संगीताने बुद्धी वाढते म्हणतात. वाचनात फार मागे आहे हो." मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. गाण्यातले मला कळते ते श्रोत्याइतकेच. पण हा प्रश्न शेवटी कानाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रथम 'बुद्धी वाढते' याविषयी. हा समज कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. 1993 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टचे पियानोवादन ऐकवले. त्यानंतर आकृत्या मनात घडी घालून ओळखण्याच्या परीक्षेत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. विद्यार्थी मोठे होते, लहान मुले त्यात नव्हतीच. तरी गवगवा एवढा झाला, की 1998 साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला! बाळाच्या पाळण्याशी गाणे लावून ठेवले म्हणून ते हुशार होत नाही. लावायला हरकत नाही, इतकेच.

ऐकणे आणि शिकणे यांत मात्र फरक आहे. आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन छोट्या हाडांमधून आतल्या शंखासारख्या भागात जातो आणि तिथून नसेच्या वाटेने मेंदूत पोहोचतो. इथवरचे काम कानाचे. पुढे त्या आवाजातून शब्द वेगळा काढण्याचे काम मेंदूचे. आणि ते फार नाजूक काम आहे. 'पळ' आणि 'फळ', 'गार' आणि 'घार', 'ताक' आणि 'टाक' हे शब्द घ्या. यांतला फरक पहिल्या व्यंजनात असतो आणि तो ओळखायला मेंदूला सेकंदाचा जेमतेम विसावा-पंचविसावा भाग मिळतो. स्वर लांब असतो, मोठा असतो. व्यंजन निसटते असते. भरलेल्या वर्गात साठ पोरांच्या गलबल्यात, वर पंखा खडखडत असताना, बाईंच्या तोंडचे हे निसटते व्यंजन पकडायचे म्हणजे थोडेथोडके काम नव्हे.

आता याचा वाचनाशी काय संबंध? वाचन डोळ्यांनी होते असे आपण समजतो, पण शिकताना ते बरेचसे कानांनी होते. 'कमळ' हा शब्द क, म, ळ अशा आवाजांचा बनलेला आहे हे ज्या मुलाला ऐकूनच उमगलेले नाही, त्याला पाटीवरची तीन अक्षरे तीन चित्रे वाटतात. ज्याला 'त' आणि 'थ' वेगळे ऐकू येत नाहीत, तो 'थाट'च्या जागी 'ताट' लिहिणार. त्याला निष्काळजी म्हणून रागावण्यात अर्थ नाही. केंब्रिज विद्यापीठातील उषा गोस्वामी यांनी अनेक वर्षे या विषयावर काम केले आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनदोष, असलेल्या पुष्कळ मुलांना ताल धरणे आणि आवाजाचा चढ नेमका टिपणे अवघड जाते, असे त्यांना आढळले. बोलण्यालाही लय असते. ती लय पकडली, की शब्दाचे तुकडे कुठे पडतात ते कळते.

संगीतशिक्षणात नेमकी याचीच तालीम होते. तबल्याच्या क्लासचेच पाहा. मुलगा हात लावण्याआधी बोल तोंडाने म्हणायला शिकतो. तीनतालात 'धा धिं धिं धा' म्हणता म्हणता पुढे 'धा तिं तिं ता' येते. डग्ग्याचा घुमारा गेला, की 'ध'चा 'त' झाला! आठवड्यातून तीन-चारदा हे कान देऊन ऐकायचे, म्हणायचे, वाजवायचे आणि मात्रा चुकली तर गुरुजींचा डोळा चुकवायचा. पेटीवर शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांतला फरक ओळखणे हेही त्याच जातीचे काम. बारीक फरकाकडे लक्ष देण्याची सवय लागते, हे महत्त्वाचे.

असे होते याला पुरावा आहे का? आहे, पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पोर्तुगालमधील आठ वर्षांच्या 32 मुलांवरचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना सहा महिने संगीत शिकवले, अर्ध्यांना चित्रकला. संगीतवाल्या मुलांना बोलण्यातले स्वरांचे बारीक चढउतार अधिक कळू लागले आणि जिथे स्पेलिंग व उच्चार जुळत नाहीत असे अवघड शब्द ती बरे वाचू लागली.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो लॉस एंजेलिस शहरातील अभ्यास. तिथे 'हार्मनी प्रोजेक्ट' ही संस्था गरीब वस्त्यांतील मुलांना मोफत वाद्य शिकवते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी या मुलांच्या डोक्याला तारा लावून, एकसारखी भासणारी अक्षरे ऐकताना मेंदूत उमटणाऱ्या विजेच्या लहरी नोंदवल्या. 2014 साली निष्कर्ष छापून आले. एक वर्ष शिकलेल्यांत काहीच फरक नाही. दोन वर्षे शिकलेल्यांचा मेंदू मात्र ही अक्षरे अधिक स्पष्ट वेगळी करत होता. मुलांची संख्या पन्नासच्या आतच होती, हे खरे. पण 'दोन वर्षे' हा आकडा पालकांनी लक्षात ठेवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या महिनाभराच्या शिबिराने मुलाचे मन रमेल, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नको.

आता दुसरी बाजू. 2015 साली असे तेरा अभ्यास एकत्र तपासले गेले. शब्दांतले आवाज ओळखण्यात थोडी सुधारणा दिसली, पण अस्खलित वाचनात खात्रीलायक फरक दिसला नाही. 2020 साली पन्नासहून अधिक अभ्यास आणि सुमारे सात हजार मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा बुद्धी आणि परीक्षेतले गुण यांवर संगीताचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे क्लास लावला म्हणून गणिताचे मार्क वाढतील, अशा हिशेबाने पैसे भरू नयेत.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. वाचनात मागे असलेल्या मुलाला संगीताच्या क्लासला घालण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्या. दोन ते सात वर्षांच्या मुलांत वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे चिकट पाणी साचणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. मूल हाक ऐकते, फटाका ऐकते. ऐकू येत नाहीत ती हळू व्यंजने. टीव्हीचा आवाज वाढवणे, सारखे "काय?" विचारणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, घोरणे आणि शाळेतून 'लक्ष देत नाही' अशी तक्रार येणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर थांबू नका. तपासणी दुखत नाही, अर्ध्या तासात होते. बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. न ओसरल्यास छोटी शस्त्रक्रिया करून ते काढता येते. कानात तेल घातल्याने ते जात नाही, कारण पाणी पडद्याच्या आत आणि तेल बाहेर.

दोन-दोन वर्षे गायनाच्या क्लासला जाणारी, 'बेसूर आहे' म्हणून मागे बसवलेली मुले माझ्याकडे आली आहेत. त्यांचा सूर बरा होता, कान भरलेले होते.

कान ठीक, डोळे ठीक, तरी तिसरी-चौथीत मूल अक्षरांशी झगडतच असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. अशा मुलांना खास पद्धतीने वाचन शिकवावे लागते. प्रमाणपत्र मिळाल्यास आपल्या राज्यात परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. संगीत त्याच्या जोडीला चालेल, त्याच्या ऐवजी नव्हे.

यानंतर क्लास जरूर लावा. सहा-सात वर्षांचे वय त्याला चांगले. पेटी की तबला हे मुलालाच ठरवू द्या. रोज वीस मिनिटे पुरतात. फी परवडत नसेल तर आजीच्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसू द्या, तालाची समज तिथेही येते. आणि घरी पेटी विकत घेण्याची घाई करू नका. पहिले सहा महिने क्लासातलीच पेटी पुरते.